आमचे तक्ते भिंतीवर परत लावू द्या : स्टाफचं ट्रेनिंग ठरवणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या सरकारी दवाखान्यांच्या स्टाफचं ट्रेनिंग ज्यांच्या सहीने ठरतं ते सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी दक्षिण रत्नागिरीत खाडीकाठच्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. गावाचं आणि माझं नाव लिहीत नाही, का ते तुम्हाला सांगायला नको, बदलीच्या याद्या तुमच्याकडेच बनतात. हेच सगळं आम्ही आधी रीतसर अर्ज करून, वरिष्ठांमार्फत कळवलं होतं. पोच मिळाली, इनवर्ड नंबर पण मिळाला, उत्तर मात्र नाही. म्हणून आता उघडच लिहिते, गावातल्या लोकांनी पण वाचू दे, शेवटी रात्री-अपरात्री आमच्या दारात तेच येतात.

विषय तुम्ही काढलेल्या त्या दोन पानी पत्राचा. त्यात म्हटलंय की इमर्जन्सी रूमच्या भिंतीवर मंजूर नमुन्यातल्या फ्रेम सोडून दुसरं काही लावायचं नाही, ड्युटीवर मोबाईलवर ‘अनधिकृत शैक्षणिक ऑडिओ-व्हिडिओ’ ऐकायचे-पाठवायचे नाहीत आणि त्यासाठीचे ग्रुप बंद करायचे, आणि इमर्जन्सीचं ट्रेनिंग म्हणजे वर्षातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाचं सत्र, हजेरी आणि सर्टिफिकेट फाईलला लावायचं. तपासणी येणार म्हणून हे निघालं असं तोंडी कळलं. पत्र आलं त्याच दुपारी आमचे तक्ते उतरवले, घाईघाईत दोन-तीन चिकटपट्टीसकट फाटले, मग भिंतीला ऑफ-व्हाईट रंग मारला. भिंत खरंच छान दिसते आता. तिच्यावर ‘आमचे ध्येय’ ‘आमचे धोरण’ अशा फ्रेम आहेत, त्यातली एक तर पूर्ण इंग्रजीत.

ते तक्ते आणि ते ऑडिओ काय होते हे तुमच्यापैकी कोणी बघितलं-ऐकलं असेल असं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, एक डॉक्टर आले होते, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांना इंग्रजी मेडिकल पॉडकास्ट ऐकायची सवय. त्यांच्याकडूनच कळलं की इमर्जन्सीवाल्या डॉक्टरांचं जगभर हे बरीच वर्षं चालू आहे. न्यूयॉर्कच्या स्कॉट वाईनगार्ट यांनी ‘एमक्रिट’ नावाचं पॉडकास्ट 2009 मध्ये सुरू केलं, आणि आपल्या देशात इमर्जन्सी मेडिसिन हा वेगळा विषय म्हणून मेडिकल कौन्सिलने मान्य केला तोही 2009 मध्येच. मग 2012 मध्ये माइक कॅडोगन वगैरे मंडळींनी डब्लिनला जमले असताना या फुकट आणि सगळ्यांना खुल्या शिकवण्याला ‘फोम’ असं नाव दिलं, आणि पॉडकास्ट, चित्रं, एका पानाचे तक्ते यांचा नुसता पूर आला. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, सगळं जग यात आहे पण मराठी नाही आणि आपला फुरसं साप तर अजिबातच नाही.

मग त्यांनीच सुरू केलं. ओपीडीच्या खोलीत रात्री खिडकी लावून मोबाईलवर रेकॉर्डिंग, तरी पत्र्यावरचा पाऊस ऐकू यायचाच. एका वेळी एकच विषय, सात-आठ मिनिटं, आणि त्याच्यासोबत एका पानावर चित्र. विंचू, फुरसं, मण्यार, आंब्याच्या फवारणीची विषबाधा, बुडालेला माणूस, बाळंतिणीचा रक्तस्राव, पाकट माशाचा काटा. बॉण्ड संपला, डॉक्टर पुढच्या शिक्षणाला गेले, ग्रुप राहिला. नंतर आम्ही सिस्टर लोकांनी पण रेकॉर्ड केलं, एका मेडिकल कॉलेजात शिकवणारे एक सर प्रत्येक ऑडिओ आधी ऐकून चुका काढून द्यायचे, मगच तो पुढे जायचा. ऐकणारे कोण तर पेशंट सोडून रिकामी गाडी परत आणणारा 108 चा ड्रायव्हर, एसटीने ये-जा करणारी सिस्टर, वाडी चढून जाणारी आशाताई. पुस्तक उघडून बसायला यातल्या कोणाकडे वेळ आहे सांगा.

आता आमचं गाऱ्हाणं. देवळात घालून झालं, आता तुमच्यासमोर घालते.

पहिलं, तुमचा तो ‘अनधिकृत’ शब्द. लाल विंचवाचं घ्या. जांभ्याच्या गडग्यात, कौलांत, लाकडाच्या मोळीत तो असतोच, आणि त्याने लहान पोराला मारलं तर काही तासांत पोर जाऊ शकतं हे कोकणात आजीपासून सगळ्यांना माहीत आहे. त्यावर इलाज कुठे सापडला? महाडला. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रात्ररात्र पेशंटच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, ती 1982 मध्ये लॅन्सेट या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, पुढे प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी गोळी यात उपयोगी पडते हे त्यांनी दाखवून दिलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे बघा, हे ज्ञान इथलंच, आपल्या लाल मातीतलं, ते लंडनला इंग्रजीत छापलं गेलं आणि तिथून परत कोकणातल्या सिस्टरपर्यंत मराठीत यायला एका बॉण्डवरच्या पोराला मोबाईल हातात घ्यावा लागला. त्याला आता तुम्ही अनधिकृत म्हणता. मग अधिकृत मराठी ऑडिओ कुठला आहे तो द्या ना, आम्ही तो ऐकू. नाहीये, म्हणून तर हा झाला.

आमचा विंचवाचा तक्ता असा होता. डावीकडे लहान मुलाचा हात, निळ्या स्केचपेनने रंगवलेला, खाली लिहिलेलं ‘गार’. मग कपाळावर घामाचे थेंब, मग उलटीची वाटी. ही तीन दिसली की थांबू नका. मध्ये वजनाचा रकाना, किलोला 30 मायक्रोग्रॅम या हिशोबाने 10 किलोला 300, 15 ला 450, 20 ला 600, आणि शेजारी गोळीचं चित्र, किती तुकडा ते रंगवून दाखवलेलं. उजवीकडे तोच हात लाल रंगात, खाली ‘ऊबदार’, म्हणजे तिथे पोचेपर्यंत दर 3 तासांनी बघायचं आणि डोस परत द्यायचा. आणि तळाला जाड अक्षरात, झोपवूनच ठेवा, आईला कडेवर घेऊ देऊ नका, कारण गोळीने बीपी एकदम खाली येतं. रात्री अडीचला ‘सिस्टर, झिलाक विंचू चावलो’ करत अख्खी वाडी आत घुसते, आई हंबरडा फोडत असते, लाईट गेलेली असते, डॉक्टर क्वार्टरवरून धावत येत असतात, आणि ते ‘काढा डोस’ म्हणाले की मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम मनातल्या मनात करायचे. करता येतात हो, आम्ही शिकलेल्या आहोत. पण त्या क्षणाला मान वर करून भिंतीवर बघता आलं तर हात कापत नाही.

आणि हे फक्त आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यातल्यांनाच लागतं असं समजू नका. 2013 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला होता, ऑपरेशन थिएटरच्या 17 टीम, 106 खोटेखोटे उभे केलेले आणीबाणीचे प्रसंग. चेकलिस्ट समोर असताना जीव वाचवणाऱ्या 6 टक्के पायऱ्या सुटल्या, नसताना 23 टक्के. हे तिथले भूलतज्ज्ञ, सर्जन, थिएटरच्या नर्स. त्यांच्या डोक्यातून अशा वेळी गोष्टी निसटतात तर आमची काय कथा.

दुसरं, साप. हे मी जरा जास्तच लांबवणार आहे कारण तपासणीला आलेल्यांनी याच तक्त्यासमोर उभं राहून ‘हे काय शाळेच्या प्रदर्शनासारखं’ असं म्हटलं होतं. तर त्या शाळेच्या प्रदर्शनात एक काचेची टेस्ट ट्यूब काढलेली होती. फुरसं आमच्याकडे सड्यावर, कातळावर, गवत काढताना, दगड उचलताना हमखास. चावलं की जागा सुजते, पण खरा घात आत होतो, रक्त गोठायचं बंद होतं. ते ओळखायला लॅब लागत नाही. नवी, कोरडी, काचेची ट्यूब घ्यायची, 2 मिली रक्त घालायचं, ट्यूबवर पट्टी चिकटवून वेळ लिहायची, आणि स्टँडमध्ये ठेवून 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. आत गठ्ठा बसलेला असेल तर ठीक, परत तपासत राहायचं, पाण्यासारखं वाहिलं तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू करायचं. यात चुकायच्या जागा कुठे आहेत ते त्या तक्त्यावर काट मारून दाखवलं होतं. प्लास्टिकच्या ट्यूबवर काट, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागतं, प्लास्टिकने नाही. साबणाने धुतलेल्या ट्यूबवर काट. मध्येच उचलून हलवून बघणाऱ्या हातावर मोठी काट, आणि तो हात सगळ्यांचाच असतो, नातेवाइकांचा तर असतोच, ‘गोठला काय, गोठला काय’ करत. खाली लिहिलेलं, एएसव्हीच्या 10 व्हायलने (बाटल्यांनी) सुरुवात, पोराला पण तेवढ्याच, साप काय पोर बघून विष कमी सोडत नाही. आणि शेजारी अ‍ॅड्रिनलिनचं अँप्युल आणि ते इंजेक्शन जिथे द्यायचं त्या मांडीचं चित्र, कारण एएसव्हीची रिअ‍ॅक्शन आली तर ते शोधत बसायला वेळ नसतो.

मण्यारीचा ऑडिओ वेगळा होता आणि माझ्या मते तो सगळ्यात चांगला. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतं म्हणून येतो, चावल्याची खूण नाही, सूज नाही, नुसत्या पापण्या जड झालेल्या. ऑडिओत तो पेशंट बोलायचा, आमच्याच वॉर्डबॉयने आवाज दिला होता, आणि त्याचा आवाज हळूहळू जड, घोगरा होत जायचा. हे पीपीटीवर कसं दाखवाल?

तिसरं म्हणजे ते एक दिवसाचं सत्र. मी गेलेय. हॉल एसी, जेवण चांगलं, व्याख्यान देणारे सर हुशार, पण स्लाईड सगळ्या इंग्रजीत आणि एवढ्या की जेवणानंतरच्या कोणाच्याच लक्षात राहिल्या नाहीत. हृदय बंद पडल्यावर छाती दाबतात त्याच्या सरावाला एकच पुतळा, त्याच्याभोवती अख्खा जिल्हा, माझा नंबर येईपर्यंत गाडीची वेळ झाली. त्या सत्राला माझा विरोध नाही. हात शिकतात ते हात लावूनच, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने आणि 5 ते 6 सेंटिमीटर खोल छाती दाबणं कानाने शिकता येत नाही, हे मला मान्य आहे. पण एप्रिलमध्ये एकदा ऐकलेलं ऑक्टोबरात आठवत नाही ना साहेब. तेच ऑडिओवर दर आठवड्याला सात मिनिटं कानावर पडलं तर राहतं. दोन्ही लागतं. तुम्ही एक ठेवलंत आणि दुसरं बंद केलंत.

चौथं, मोबाईल. ड्युटीवर लोक रील बघतात, खरं आहे, मी पण बघितलेत, त्याच्यावर जरूर कारवाई करा. पण त्या नावाखाली आवाज बंद करू नका. फवारणीच्या हंगामात बागेतून माणूस येतो, तोंडाला फेस, कपड्याला औषधाचा वास, विषावरचं इंजेक्शन अ‍ॅट्रोपिन सुरू होतं. ते कधी पुरे झालं हे डोळ्यातली बाहुली बघून ठरवायचं नाही, छाती ऐकून ठरवायचं, आतला घुर्रर्र आवाज जाऊन छाती मोकळी झाली पाहिजे. तो आवाज आधीचा आणि नंतरचा आमच्या ऑडिओत होता, स्टेथोस्कोपला मोबाईल लावून घेतलेला, नाव-गाव काही नाही, पेशंटला विचारून घेतलेला. छापील पुस्तकात हा आवाज येत नाही.

नेटवर्कचं म्हणाल तर ते ऑडिओ एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही, आणि कागदाला तर कधीच लागत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यात वीज आणि टॉवर किती दिवस गेले होते ते आठवा. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाचं आठवा. तुमचं नवीन ऑनलाईन पोर्टल, जिथे म्हणे सगळं ‘उपलब्ध’ आहे, ते अशा दिवशी कुठे उघडायचं?

आणखी एक, हे तुमच्या पत्रात नाही पण तक्ते गेल्यामुळे झालंय. आमच्या जेट्टीवर बोटींवरचे खलाशी बरेचसे बाहेरचे, नेपाळचे पण पुष्कळ. त्यांना मराठी वाचता येत नाही. पाकटाचा काटा पायात घुसला की काय करायचं ते जेट्टीवरच्या शेडमध्ये नुसत्या चित्रांत लावलं होतं. पाय, बादली, वाफ, घड्याळ. सोसवेल इतकं गरम पाणी, 45 अंशाच्या आसपास, अर्धा ते दीड तास, आणि पाणी आधी दुसऱ्या चांगल्या पायाने तपासायचं, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. मग दवाखान्यात या, काटा आत राहिला असेल तर. शेजारी बुडालेल्या माणसाचं चित्र, आधी तोंडाने श्वास, मग छाती, पोट दाबून पाणी काढू नका, उलटं टांगू नका. शेड काही दवाखान्याची भिंत नव्हे, तरी ‘आरोग्य खात्याचं अनधिकृत साहित्य’ म्हणून तेही काढायला लावलं. त्याने कुठल्या तपासणीचे मार्क कमी होणार होते कोण जाणे.

तुमच्या बाजूचं पण मी समजून घेतलंय. कोणीही उठून काहीही रेकॉर्ड करेल आणि चुकीचा डोस पसरेल ही भीती खरी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर सापाच्या जागी चिरा द्या, दोरी आवळून बांधा असले व्हिडिओ अजून फिरतात आणि त्यांना हजारो लाईक असतात. गाईडलाईन बदलतात, जुना ऑडिओ तसाच फिरत राहतो, हा धोका आमच्या ग्रुपला पण होता. पण त्याला उपाय बंदी नाही, तपासणी आहे. खरीखुरी तपासणी, भिंतीच्या रंगाची नाही. चांगलं बंद केलंत की ते चिरा देणारे व्हिडिओच उरतात, ते काही तुमच्या परिपत्रकाने थांबत नाहीत.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केलाय, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. ते निम्मे मृत्यू दिल्लीत नाही कमी होणार, आमच्यासारख्याच दवाखान्यांत पहिल्या तासाभरात काय होतं त्यावर ठरणार.

तर मागण्या अशा आहेत, मोठ्या खर्चाची एकही नाही.

ते पत्र मागे घ्या, किंवा निदान त्यातली भिंतीची आणि ऑडिओची कलमं तरी. इमर्जन्सी रूममध्ये औषधाच्या ट्रॉलीजवळची एक भिंत तक्त्यांसाठी सोडा, तुम्हाला हवी तशी लॅमिनेट करा, फ्रेम करा, शिक्का मारा, पण ट्रॉलीजवळ आणि डोळ्याच्या उंचीवर, ‘आमचे ध्येय’ दुसरीकडे हलवा.

ऑडिओ आणि तक्ते तपासायला छोटी समिती नेमा. आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथले शिकवणारे डॉक्टर घ्या, पण त्यात ग्रामीण भागातली एक स्टाफ नर्स आणि 108 वरचे एक डॉक्टर हवेतच, नाहीतर परत इंग्रजी स्लाईड होतील. प्रत्येक ऑडिओच्या सुरुवातीला तो कधी तपासला ती तारीख बोलून सांगायची, तक्त्यावर पण तारीख, आणि ठरलेल्या मुदतीत परत तपासला नाही तर तो आपोआप बाद. एकदा मंजूर झाला की मग कुठल्याही तपासणीत तो काढायला सांगता येणार नाही, असं लेखी द्या.

वर्षाच्या सत्राबरोबर दर तालुक्याला छाती दाबायचा एक पुतळा द्या, फिरता असला तरी चालेल. आम्ही ऑडिओ ऐकून येऊ आणि सत्रात फक्त हात चालवू, व्याख्यानाचा वेळ वाचेल.

आकाशवाणी रत्नागिरीशी बोलून आठवड्याला दहा मिनिटं मागून घ्या. आशाताईंकडे आणि बोटीवर रेडिओ अजून चालतो. डोस वगैरे नको, तिथे लोकांनी घरी काय करायचं आणि काय करायचं नाही एवढंच.

आणि जेट्टीवरचं चित्र तेवढं ताबडतोब परत लावू द्या, त्याला समितीची वाट बघायला लावू नका, त्यात औषध कुठलंच नाहीये.

पावसाळ्यात सापाच्या केसेस वाढतात, तेव्हा मे संपायच्या आत निर्णय कळवलात तर बरं होईल. फाटलेले तक्ते आम्ही सुट्टीच्या दिवशी बसून परत काढलेत, सध्या लेबर रूमच्या कपाटात आहेत. मंजूर फ्रेमचं माप कळवा, त्या मापात काढून देऊ.

आपली नम्र,
एक स्टाफ नर्स,
दक्षिण रत्नागिरी